लंडनची सिंफनी, लंडनकराची सिंफनी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शहरावर लावणी असते, कविता असते, कादंबरी असते, हे आपल्याला ठाऊक आहे. मुंबईपुरतं बोलायचं तर पठ्ठे बापूरावांनी तिच्यावर लावणी रचली, अण्णा भाऊ साठ्यांनी रचली, पुढे नारायण सुर्वे आणि नामदेव ढसाळ यांनी तिला कवितेत आणलं. या सगळ्यांच्या हाताशी शब्द होते. ‘परळ’ म्हटलं की परळ उभं राहतं, ‘गोलपिठा’ म्हटलं की आणखी काही सांगावं लागत नाही. पण एखाद्यानं ठरवलं की एकही शब्द वापरायचा नाही, नुसत्या वाद्यांनी शहर सांगायचं, तर त्यानं काय करावं?

या प्रश्नाचं मला भेटलेलं सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे ‘अ लंडन सिंफनी’. इंग्रज संगीतकार राल्फ वॉन विल्यम्स यांची ही रचना २७ मार्च १९१४ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली. वाद्यवृंदाचं संचालन जेफ्री टॉय यांनी केलं होतं. जाता जाता सांगतो, संगीतकाराचं नाव लिहिताना ‘राल्फ’ असलं तरी ते स्वतः त्याचा उच्चार ‘रेफ’ असा करत, आणि कुणी चुकीचा केला तर त्यांना ते आवडत नसे. आपण मात्र छापील नावच ठेवू.

मी संगीतातला जाणकार नाही. मराठी घेऊन बी. ए. केलं आणि कविता लिहीत राहिलो. त्यामुळे आज मी बोलणार आहे ते ऐकणाऱ्यांच्या रांगेत बसून. तसा वाद्यवृंद आपल्या कानांना परका नाही. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत मुखडा संपल्यावर व्हायोलिनांची जी लाट येते, ती बहुतेक वेळा गोव्याहून मुंबईत आलेल्या वादकांनी आपल्यापर्यंत पोचवलेली आहे. फरक इतकाच, की गाण्यात ती लाट गायकासाठी वाट करून देते. सिंफनीत गायकच नसतो, त्यामुळे सगळं सांगणं वाद्यांवर येऊन पडतं. साधारणपणे तिचे चार भाग असतात, प्रत्येकाची चाल वेगळी, आणि मिळून तीन-चार चाकोऱ्यांतून एकच गाडी जावी तसा प्रवास. सगळं आधी लिहिलेलं असतं. पूर्ण संहिता फक्त संचालकापुढे असते. वादकापुढे त्याच्या एकट्याच्या वाद्याचं पान. दुसऱ्या रांगेतल्या व्हायोलावाल्याला बासरी काय वाजवणार आहे हे त्याच्या पानावर दिसत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

वॉन विल्यम्स जन्मानं लंडनचे नव्हेत. १८७२ साली ग्लॉस्टरशायरमधल्या डाउन अँपनी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. चार्ल्स डार्विन हे त्यांच्या आजीचे भाऊ. केंब्रिजला आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकले. १९०३ पासून त्यांनी एक नाद लावून घेतला. खेडोपाडी जायचं, म्हाताऱ्या माणसांना गायला लावायचं आणि त्या चाली कागदावर उतरवून घ्यायच्या. अशी आठशेच्या आसपास लोकगीतं त्यांनी जमवली. पुढे पस्तिशी उलटल्यावर पॅरिसला जाऊन मॉरिस रॅव्हेल या आपल्याहून वयानं लहान संगीतकाराकडे वाद्यवृंदासाठी लिहिण्याचे धडे घेतले. १९०५ पासून ते लंडनच्या चेल्सी भागात, थेम्स नदीच्या काठावर राहत होते. म्हणजे गावाकडून येऊन शहरात रुजलेला माणूस. स्वतःला मुंबईकर म्हणवणारे आपण तरी आणखी कोण आहोत?

सिंफनी लिहिण्याची गोष्ट त्यांच्या मनात घातली ती जॉर्ज बटरवर्थ या तरुण मित्रानं. बटरवर्थ स्वतः संगीतकार, लोकगीतं जमवणारा, इंग्लंडमधले मॉरिस नावाचे लोकनृत्य नाचणारा. वॉन विल्यम्स यांनी सांगून ठेवलं आहे, की एका संध्याकाळी तो उठून जाता जाता सहज म्हणाला, तुम्ही एक सिंफनी लिहायला हवी. त्याआधी त्यांनी समुद्रावर एक मोठी रचना केली होती, तिलाही सिंफनीच म्हणतात, पण तिच्यात गायकवृंद आणि कविता होती. केवळ वाद्यांची सिंफनी लिहिण्याचा त्यांचा विचार नव्हता. घरात लंडनवरच्या एका वेगळ्या रचनेची टिपणं पडली होती. मित्राच्या शब्दाखातर ती त्यांनी बाहेर काढली आणि तिची सिंफनी झाली.

आता ती ऐकूया.

सुरुवातीला चेलो आणि डबल बास अगदी खालच्या पट्टीत, ऐकू येतंय की नाही अशा बेतानं सुरू होतात. सूर एक पायरी चढतो, थांबतो, पुन्हा चढतो. ताल जाणवत नाही. ख्यालाच्या आधी गवई जसा आलापीत जागा चाचपत असतो, तसं काहीसं. धुकं आहे, नदी आहे, शहर झोपलेलं आहे असं वाटतं, पण तसं कुणी सांगितलेलं नाही. तीनेक मिनिटांनी हार्पवर टोले पडतात. वेस्टमिन्स्टरच्या घड्याळाचे, ज्याला जग बिग बेन म्हणतं त्याचे. पंधरा मिनिटांना चार सुरांची एक ओळ, अर्ध्या तासाला दोन, पाऊण तासाला तीन, आणि तास भरला की चार ओळी आणि मग मोठ्या घंटेचे ठोके, असा त्या घड्याळाचा हिशेब आहे. ही चाल मुळात वेस्टमिन्स्टरची नाही. केंब्रिजच्या सेंट मेरी चर्चच्या घड्याळासाठी ती १७९३ साली बांधली गेली आणि १८५९ साली लंडनला आली. म्हणजे घंटासुद्धा बाहेरगावहून आलेली. सिंफनीत इथे अर्ध्या तासाचे टोले आहेत. ते विरतात न विरतात तोच सगळा वाद्यवृंद अंगावर कोसळतो, आणि शहर जागं होतं. ढकलाढकली, घाई, कुणीतरी शीळ घालत चाललेलं, हे सगळं एकावर एक. पण या भागातली माझी आवडती जागा मधली आहे. गर्दीच्या रस्त्यावरून नदीकडे उतरणाऱ्या एखाद्या गल्लीत वळावं आणि पाठीमागचा गोंगाट अचानक बंद व्हावा, तशी तिथे मोजकीच तंतुवाद्यं एकेकटी बोलतात. शहरात राहणाऱ्या माणसाला अशा गल्ल्या माहीत असतात. आपल्या फोर्टमध्येही त्या आहेत.

दुसरा भाग संथ आहे. नोव्हेंबरातल्या दुपारचा ब्लूम्सबरी चौक, अशी खूण संगीतकारानंच देऊन ठेवली आहे. कोर आंग्ले नावाचं वाद्य इथे मुख्य सूर धरतं. सनईप्रमाणेच दोन पात्यांच्या फटीतून फुंकायचं वाद्य, पण आवाज दबका, पावसाळी. पुढे एकटा व्हायोला बोलू लागतो आणि त्यात लव्हेंडरची फुलं विकणाऱ्यांची आरोळी मिसळते. मग बारीक घुंगरं वाजतात. ही हॅन्सम नावाच्या दोनचाकी घोडागाडीची. १९१४ साली लंडनच्या रस्त्यांवर मोटार टॅक्सी येऊन काही वर्षं झाली होती आणि हॅन्सम झपाट्यानं कमी होत होत्या. घुंगरं वाजली तीच निरोपाची. आपल्याकडच्या व्हिक्टोरिया २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवल्या, तेव्हा मला हीच जागा आठवली होती.

तिसरा भाग रात्रीचा. संगीतकारानं सुचवलं आहे, की ऐकणाऱ्यानं आपण नदीकाठी वेस्टमिन्स्टर एम्बँकमेंटवर उभे आहोत असं समजावं. एका बाजूला स्ट्रँड हा रस्ता, तिथली बडी हॉटेलं. दुसऱ्या बाजूला न्यू कट, भडक दिव्यांची आणि कष्टकऱ्यांच्या गर्दीची बाजारपेठ. दोन्हीकडचे आवाज पाण्यावरून येताहेत आणि ऐकणारा मध्ये. एके ठिकाणी हॉर्न आणि तंतुवाद्यं मिळून रस्त्यावरच्या बाजाच्या पेटीची नक्कल करतात, ती मोठी गमतीची आहे. आपल्या लावणीकारांनीही मुंबईच्या श्रीमंतीसमोर तिची गरिबी उभी केली. तिथे सांगणारा बाजू घेऊन डफावर थाप मारतो. इथला माणूस कठड्याला टेकून नुसता ऐकतो आहे. मला विचाराल तर हा फरक सिंफनीच्या बाजूनं नेहमी चांगलाच पडतो असं नाही. त्या भागात सौंदर्य जास्त आहे आणि भूक कमी.

ती कसर चौथ्या भागात भरून निघते. पहिलाच सूर आक्रोशाचा. मग एक कूच सुरू होतं, पण सैन्याचं नव्हे. जड पायांनी, मान खाली घालून निघालेल्या माणसांचं. हे बेकारांचे भुकेमोर्चे आहेत असं अनेक ऐकणाऱ्यांना वाटत आलं आहे आणि त्या अर्थाला आधारही आहे. १९०५ साली लंडनच्या रस्त्यांवर बेकारांचे मोर्चे निघाले होते, १९११ आणि १९१२ साली तिथल्या गोदी कामगारांनी संप केले होते. चेल्सीत नदीकाठी सुखवस्तू घरात राहणाऱ्या या माणसानं ते पायांचे आवाज ऐकले असणारच. कूच वाढत जातं, फुटतं, आणि पुन्हा हार्पवर टोले पडतात. या वेळी पाऊण तासाचे. मग सुरुवातीचं धुकं परत येतं, तंतुवाद्यांवर पाण्याच्या लहरी हलू लागतात आणि सगळं हळूहळू नाहीसं होतं. हा समारोप कुठून आला ते संगीतकारानं उतारवयात सांगितलं. एच. जी. वेल्स यांची १९०९ सालची ‘टोनो-बंगे’ ही कादंबरी, तिचं शेवटचं प्रकरण. त्यात कथानायक एका युद्धनौकेतून थेम्समधून समुद्राकडे जातो आणि लंडन, इंग्लंड, सगळं मागे पडत जातं.

इथे एक पेच आहे. इतकं सगळं ओळखता येण्यासारखं घालून ठेवल्यावर संगीतकारानं १९२० साली लिहिलं, की हिला ‘एका लंडनकराची सिंफनी’ म्हणणं जास्त बरोबर होईल. टोले किंवा लव्हेंडरची आरोळी ऐकू आली तर तो योगायोग समजावा, त्यावर रचना उभी नाही. ती संगीत म्हणूनच उभी राहिली पाहिजे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे थोडं ढोंग वाटलं होतं. टोले काय आपोआप पडले? मग त्यांच्या म्हणण्यातली गरज कळली ती माझ्याच एका कवितेमुळे.

माझं लहानपण मदनपुऱ्यात गेलं. वडील गिरणीत होते. पहाटे आधी मशिदीतून अजान व्हायची आणि नंतर गिरणीचा भोंगा. या दोन आवाजांच्या मधल्या वेळात आई चूल पेटवून वडिलांचा डबा करायची. घरात घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि भोंगा थांबला. पुढे मी त्यावर कविता लिहिली. ती अनेक ठिकाणी वाचली, लोकांना ती कळायची. दोन-तीन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात वाचली, तेव्हा एका मुलानं नंतर अगदी अदबीनं विचारलं, “सर, तुम्ही मशिदीवरच्या भोंग्यावर कविता केलीत, तुम्हाला भीती नाही वाटली?” २०२२ साली या शब्दावरून महाराष्ट्रात जे रण माजलं, त्यातच तो वयात आलेला. त्याच्यासाठी भोंगा म्हणजे ध्वनिवर्धक आणि ध्वनिवर्धक म्हणजे मशीद. गिरणीचा भोंगा त्यानं ऐकलेलाच नाही. त्याला मी समजावून सांगितलं, त्यालाही गंमत वाटली. पण घरी येईपर्यंत मी विचार करत होतो की आता या कवितेखाली तळटीप द्यायची का? माझ्या कवितेतला एक आवाज शहरातून गेला तो गेलाच, आणि त्याच्या जागी दुसराच येऊन बसला.

लव्हेंडरवाल्यांची आरोळी लंडनमधून कधीच गेली. हॅन्समची घुंगरंही गेली. आज ती सिंफनी ऐकणाऱ्या लंडनकरालाही कुणीतरी सांगितल्याशिवाय ते ओळखू येत नाही. तरी दुसरा भाग ऐकताना काहीतरी दारावरून जात आहे आणि ते परत येणार नाही, हे कळतं. कारण ती आरोळी व्हायोलाच्या एकट्या आवाजाला उत्तर म्हणून येते आणि घुंगरं त्या शांततेला थोडा वेळ हलवून निघून जातात. आवाज कुठला हे विसरलं, तरी तो कुठे ठेवला आहे हे राहतं. योगायोग समजा म्हणणाऱ्या त्या माणसाला हे आधीच दिसलं असावं. टोल्यांच्या बाबतीत मात्र मी त्यांचं ऐकणार नाही. सुरुवातीला अर्धा तास, शेवटी पाऊण. त्या सिंफनीत तास कधी भरतच नाही. एवढं मोजून ठेवलेल्या गोष्टीला योगायोग म्हणणं हा त्यांचा विनय झाला.

संहितेचं पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. पहिल्या प्रयोगानंतर ती जर्मनीला पाठवली होती. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि ती हरवली. पूर्ण रचना ज्या एका वहीत होती तीच गेली. उरली होती ती वादकांची सुटी पानं, ज्याच्या त्याच्या वाद्यापुरती. बटरवर्थ, जेफ्री टॉय, एडवर्ड डेंट आणि आणखी काही जणांनी बसून त्या पानांवरून सगळी रचना पुन्हा एकत्र लिहून काढली. सगळं शहर कुणाजवळ नव्हतं, प्रत्येकाजवळ आपापली ओळ होती, आणि त्या ओळी एकाखाली एक मांडून शहर परत मिळालं. फेब्रुवारी १९१५ मध्ये बोर्नमथला डॅन गॉडफ्रे यांनी ही नव्यानं जुळवलेली सिंफनी वाजवली.

वॉन विल्यम्स बेचाळिसाव्या वर्षी सैन्याच्या वैद्यकीय दलात भरती झाले. बटरवर्थ पायदळात गेला. ५ ऑगस्ट १९१६ रोजी सोमच्या लढाईत, पोझिएर गावाजवळ, तो मारला गेला. वय एकतीस. त्याचा देह सापडला नाही. फ्रान्समधल्या थिएपवालच्या स्मारकावर बेपत्ता सैनिकांच्या यादीत त्याचं नाव कोरलेलं आहे. १९२० साली सिंफनी छापली गेली ती त्याच्या स्मृतीला अर्पण होऊन. ज्या क्वीन्स हॉलमध्ये ती पहिल्यांदा वाजली, तो दुसऱ्या महायुद्धात, १० मे १९४१ च्या रात्रीच्या बाँबहल्ल्यात जळून गेला.

लेखन करणाऱ्यांसाठी या कहाणीत आणखी एक भाग आहे. वॉन विल्यम्स या रचनेला पुढे वीस वर्षं कात्री लावत राहिले. मूळ सिंफनी तासाभराची, शेवटची आवृत्ती पाऊण तासाच्या आसपास. पहिल्या भागाला त्यांनी जवळपास हात लावला नाही, कापाकापी झाली ती उरलेल्या तिघांत. अर्नॉल्ड बॅक्स या संगीतकारमित्रानं, तिसऱ्या भागाच्या शेवटची एक गूढ, विचित्र जागा गेली म्हणून हळहळ लिहून ठेवली आहे. संगीतकाराला कापल्याचा पश्चात्ताप दिसत नाही. तरी आपल्या सगळ्या सिंफन्यांत हीच लाडकी, असं ते म्हणत. १९५८ साली ते गेले. मूळ लांब रूप पुढे अनेक वर्षं कुणी ऐकलं नाही. मग त्यांच्या पत्नी अर्सुला यांनी परवानगी दिली आणि रिचर्ड हिकॉक्स यांनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर ते ध्वनिमुद्रित केलं. २००१ साली ते बाजारात आलं. मी दोन्ही ऐकली आहेत. लांब रूपातला संथ भाग आणि शेवटचा समारोप यांत अशा काही जागा आहेत, ज्या कापायला माझा हात धजला नसता. पण कापलेली रचना जास्त बांधीव आहे हेही खरं.

ज्यांना ऐकायची इच्छा असेल त्यांनी सुरुवात छोट्या रूपापासून करावी. जॉन बार्बिरोली यांनी वाजवलेली चांगली ध्वनिमुद्रणं मिळतात. रात्री, घरातला टीव्ही बंद झाल्यावर ऐका, कारण पहिली तीन मिनिटं इतकी हळू आहेत की पंख्याच्या आवाजातही ती बुडतात. आवाज वाढवू नका. टोले पडल्यानंतर काय येतं ते मी सांगितलंच आहे, शेजारी उठून येतील.